वाचनालयाच्या राउटरवर संकेतस्थळांची गाळणी : जून ते सप्टेंबर २०२५ च्या नोंदी

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात चार संगणक, एक प्रिंटर आणि फायबरची एक जोडणी आहे. संध्याकाळी शाळकरी मुले प्रकल्पांसाठी येतात आणि मोठी माणसे वर्तमानपत्र वाचता वाचता वायफाय वापरतात. मे महिन्यातील कार्यकारिणीच्या बैठकीत दोन तक्रारी आल्या. एका पालकांनी आपल्या मुलाच्या पडद्यावर जुगाराची जाहिरात पाहिली होती, आणि एका संगणकाच्या ब्राउझरमध्ये नको त्या पानांचा इतिहास सापडला होता. मी फोंड्याला राहतो, शनिवार-रविवार गावी येतो, आणि संगणकाचे थोडेफार जमते. त्यामुळे हे काम माझ्याकडे आले. ‘एका दुपारचे काम आहे’ असे मी त्या बैठकीत म्हणालो आणि ते वाक्य इतिवृत्तात जसेच्या तसे उतरले. पुढच्या नोंदी ठेवण्याचे खरे कारण ते वाक्य आहे.

या नोंदींत सगळे पत्ते देवनागरी अंकांत आणि संकेतस्थळांची नावे देवनागरी अक्षरांत लिहिली आहेत. राउटरमध्ये भरताना ती अर्थातच इंग्रजीत भरावीत.

१ जून, रविवार

सुरुवात फुकटच्या मार्गाने केली. सेवा पुरवठादाराने बसवलेल्या फायबरच्या डबीतच ‘यूआरएल फिल्टर’ नावाचे पान आहे आणि त्यात शब्द भरले की ते शब्द असलेली पाने अडतात, असे तेथे लिहिले आहे. मी चाळीसेक शब्द भरले. तासाभरात लक्षात आले की यातले बहुतेक शब्द काहीच करत नाहीत. आजकाल जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलुपात पाठवणाऱ्या पद्धतीवर चालते. वाटेत बसलेल्या डबीला फार तर संकेतस्थळाचे नाव दिसते, त्या नावापुढचा पानाचा पत्ता आणि पानावरचा मजकूर कुलुपात असतो. म्हणजे शब्द नावातच असला तरच उपयोग.

नावात असला तरी काय होते, तेही आजच कळले. जुगारासाठी मी ‘बेट’ हा पैज या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच्या तीन अक्षरांनिशी भरला होता. ही तीन अक्षरे ‘अल्फाबेट’मध्ये आहेत, ‘तिबेट’मध्ये आहेत, ‘डायबेटिस’मध्येही आहेत. मधुमेहावरचे एक चांगले संकेतस्थळ बंद झाले आणि रमीची जाहिरात करणारे मात्र चालू राहिले, कारण त्याच्या नावात ‘बेट’ नव्हते. गोव्यात तर बेतीम, बेतूल आणि बेताळभाटी इंग्रजीत याच तीन अक्षरांनी सुरू होतात. तिथल्या कोणाही व्यावसायिकाने गावाच्या नावाने संकेतस्थळ काढले की ते आमच्या वाचनालयात जुगारी ठरणार. सगळे शब्द काढून टाकले. वेळ साडेतीन तास, खर्च शून्य, उपयोग शून्य.

यातून एवढे ठरले की शब्द नव्हे तर नावे अडवायची, आणि ती डीएनएसच्या, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या सेवेच्या, पातळीवर अडवायची. संगणक जेव्हा नावाचा पत्ता विचारतो, तेव्हा उत्तरच द्यायचे नाही. डबीत डीएनएस बदलण्याचे पान मात्र पुरवठादाराने बंद करून ठेवले आहे, म्हणून स्वतःचा राउटर लागणार.

८ जून, रविवार

एका सभासदाने घरचा जुना राउटर देणगी दिला. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चढवावी असे ठरवून दिवसभर झटलो. त्या राउटरमध्ये साठवणीला ४ एमबी आणि स्मृतीला ३२ एमबी एवढीच जागा होती, आणि एवढ्या जागेच्या यंत्रांना ओपनडब्ल्यूआरटीने काही वर्षांपूर्वीच निरोप दिला आहे. ही गोष्ट त्यांच्या यंत्रांच्या यादीत पहिल्याच ओळीत दिसते. मी ती संध्याकाळी सहा वाजता वाचली. हे काम करू पाहणाऱ्याने राउटर हाती घेतल्यावर आधी तो उलटा करून खालच्या चिकटपट्टीवर छापलेली हार्डवेअर आवृत्ती वाचावी, यादीत तीच आवृत्ती शोधावी, आणि मगच स्क्रू-पेचांकडे वळावे. मॉडेलचे नाव एकच असले तरी आवृत्ती बदलली की आतले यंत्र वेगळे असू शकते.

१४ आणि १५ जून, शनिवार-रविवार

फोंड्याच्या बाजारात १६ एमबी साठवण आणि १२८ एमबी स्मृती असलेला वापरलेला राउटर १,४०० रुपयांना मिळाला. आवृत्ती दुकानातच पडताळून घेतली. शनिवारी दुपारी ओपनडब्ल्यूआरटीची २४.१० ही आवृत्ती चढवायला सुरुवात केली. पडद्यावरची प्रगतीची पट्टी अर्ध्यावर असताना वीज गेली.

जून महिन्यात, सत्तरीत, पाऊस धरलेला असताना, यूपीएसशिवाय यंत्रात नवी प्रणाली लिहायला बसणे हा शुद्ध अविचार होता. वीज पाऊण तासाने आली. राउटरचा एकच दिवा मिणमिणत होता आणि कोणत्याही पत्त्यावर तो उत्तर देत नव्हता.

रविवार त्याला जिवंत करण्यात गेला. त्या कंपनीच्या पुष्कळ राउटरांना संकटकाळची एक वाट असते. लॅपटॉपला वायरने जोडून १९२.१६८.०.६६ हा पत्ता हाताने द्यायचा, त्यावर टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला फाइल देणारा साधा प्रोग्राम, चालवायचा, प्रणालीच्या फाइलला त्या मॉडेलसाठी ठरलेले नाव द्यायचे, आणि रिसेटचे बटण दाबून धरून राउटरला वीज द्यायची; मग तो स्वतःच ती फाइल मागून घेतो. माझा राउटर चार वेळा मागूनही फाइल घेईना. दोन तास मी फाइलच्या नावावर संशय घेतला, वायर बदलली, नवी फाइल उतरवली. दोष लॅपटॉपच्या विंडोज फायरवॉलचा निघाला. येणारी मागणी ती दारातच परतवत होती. ती बंद करताच पाचव्या प्रयत्नात दिवे नीट लागले. ओपनडब्ल्यूआरटी दुसऱ्यांदा चढवताना राउटर आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर होते.

त्याच संध्याकाळी राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मागवला, १,२५० रुपये. त्याला दोन तोंडे आहेत, म्हणून फायबरची डबीही त्याच्यावर चालते.

२२ जून, रविवार

नवा राउटर डबीच्या मागे जोडला आणि काहीच चालेना. डबीचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि ओपनडब्ल्यूआरटीचाही मूळ पत्ता तोच. राउटरच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाची गल्ली असल्यावर टपाल कोणीकडे न्यावे हे त्याला कळणार कसे. आतला पत्ता १९२.१६८.२०.१ असा बदलला. बदल जतन केल्यावर पान गोठले आणि दीड मिनिटाने जुनाच पत्ता परत आला. हे दोनदा झाले. पत्ता बदलल्यावर ठरलेल्या वेळात नव्या पत्त्यावरून कोणी पोहोचले नाही, तर आपला मालक बाहेर अडकला असे समजून राउटर बदल मागे घेतो. लॅपटॉपची वायर काढून पुन्हा लावली, नवा पत्ता ताबडतोब उघडला, आणि बदल टिकला. ही सोय मला त्या क्षणी त्रासदायक वाटली; पुढे तिने मला किमान तीन वेळा वाचवले.

मग मुख्य काम, जे खरोखरच दहा मिनिटांचे होते. राउटरने नावे विचारायची ती क्लाउडफ्लेअरच्या कुटुंबांसाठीच्या सेवेला, म्हणजे १.१.१.३ आणि १.०.०.३ या पत्त्यांना. एप्रिल २०२० पासून चालणारी ही सेवा फुकट आहे, आणि ती अश्लील व घातक संकेतस्थळांना ०.०.०.० असे पोकळ उत्तर देते. ओपनडीएनएसची २०८.६७.२२२.१२३ ही तशीच दुसरी सेवा. क्लीनब्राउझिंगची कौटुंबिक गाळणीही पाहिली, पण ती रेडिटसारखी मिश्र संकेतस्थळे सरसकट अडवते, आणि आमच्याकडे बारावीनंतरची मुलेही येतात.

चाचणी कशी घ्यावी, हा प्रश्न नाजूक होता. पहिल्यांदा मी पडदा भिंतीकडे वळवून एका खऱ्या संकेतस्थळाचे नाव टाकले, आणि नेमक्या त्याच वेळी ग्रंथपालबाई चहा घेऊन आल्या. क्लाउडफ्लेअरने याच कामासाठी ‘न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम’ असे निरुपद्रवी नाव ठेवले आहे. ते उघडले नाही म्हणजे गाळणी चालू. हे मला चहाआधी ठाऊक असायला हवे होते.

त्यातही एक तास गेला, कारण एका संगणकावर सगळे पूर्वीसारखेच उघडत होते. विंडोज आधी मिळालेली उत्तरे काही काळ जपून ठेवते. ‘आयपीकॉन्फिग’ची ‘फ्लशडीएनएस’ ही आज्ञा देऊन आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडल्यावर तो संगणकही सरळ झाला.

२९ जून, रविवार

आठवडाभर मी समाधानात होतो. आज एका मुलाच्या फोनवर सगळे विनासायास उघडताना पाहिले. दोन तास नियम तपासले. फोन डबीच्याच जुन्या वायफायवर होता. नवा राउटर बसवला, पण डबीचे वायफाय बंद करायचे राहिले होते. सगळ्या फोनांना जुना पासवर्ड पाठ असल्याने एकाही फोनने नव्या वायफायकडे पाहिलेसुद्धा नव्हते. पुढचे दार कुलूपबंद आणि परसदार सताड उघडे. डबीचे वायफाय बंद केले.

प्रत्येक फोनसाठी वेगळा नियम करण्याचा माझा बेतही आज सोडला. यंत्राच्या मॅक पत्त्यावरून फोन ओळखायचा असा विचार होता, पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन वायफायला खरा पत्ता न देता बनावट पत्ता देतात. त्याऐवजी दोन विभाग केले: चार संगणक वायरवर, आणि फोनांसाठी पाहुण्यांचे वेगळे वायफाय, ज्यावरून संगणकांकडे किंवा प्रिंटरकडे जाता येत नाही. त्यासाठी एका वायरीच्या अनेक वायरी करणारा पाच तोंडांचा नेटवर्क स्विच ६५० रुपये, वायर आणि टोके ३८० रुपये. घर जुने, भिंती चिऱ्याच्या आणि हातभर रुंद आहेत. राउटर कपाटावरून काढून मधल्या दाराच्या चौकटीवर टांगला तेव्हा कुठे सोप्यापर्यंत वायफाय पोहोचले.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

वाचनालय अर्धा दिवसच उघडे होते, म्हणून निवांत काम झाले. आजचा विषय पळवाटा.

पहिली पळवाट सोपी आहे. संगणकाच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये हाताने गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८ हा पत्ता लिहिला की तो आमच्या राउटरला विचारतच नाही. त्यावर उपाय असा की आतून बाहेर जाणारी ५३ क्रमांकाच्या पोर्टवरची, म्हणजे डीएनएससाठी ठरलेल्या दारावरची, प्रत्येक विचारणा, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींची, राउटरने वाटेत पकडून स्वतःकडे वळवायची. फोनला वाटते गूगलने उत्तर दिले. उत्तर आम्हीच दिलेले असते. हा नियम फायरवॉलच्या ‘पोर्ट फॉरवर्ड’ पानावर एका ओळीत बसतो. मी आधी तो फक्त यूडीपीसाठी केला होता, तो दुरुस्त केला. पाहुण्यांच्या विभागासाठी तोच नियम वेगळा लिहावा लागतो, हे विसरू नये.

दुसरी पळवाट अँड्रॉइड ९ पासूनच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’ची. तेथे एखाद्या सेवेचे नाव लिहिले की फोन ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून कुलुपातल्या भाषेत विचारणा करतो, आणि ती वळवता येत नाही. ते पोर्ट अडवले. ‘ड्रॉप’ न निवडता ‘रिजेक्ट’ निवडले, म्हणजे फोनला ताबडतोब नकार कळतो आणि तो वाट पाहत बसत नाही. ज्यांच्या फोनमध्ये ती सोय ‘आपोआप’वर आहे त्यांना काही फरक पडला नाही. मात्र एका निवृत्त शिक्षकांच्या फोनमध्ये त्यांच्या मुलाने जाहिराती अडवण्यासाठी एका सेवेचे नाव लिहून ठेवले होते; त्यांचे इंटरनेट पूर्ण थांबले आणि वाचनालयाने आपल्यालाच का अडवले, असे त्यांनी मला सर्वांसमक्ष विचारले. फोन हातात घेऊन ती सोय ‘आपोआप’वर आणून दिली.

तिसरी आणि सगळ्यांत चिवट पळवाट म्हणजे ब्राउझरने नावे विचारण्यासाठी नेहमीच्या ४४३ पोर्टचाच वापर करणे. ते पोर्ट बंद केले तर सगळे इंटरनेटच बंद. फायरफॉक्सपुरती एक सभ्य सोय आहे: ‘यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ हे नाव अस्तित्वात नाही असे राउटरने सांगितले की फायरफॉक्स आपणहून ही युक्ती सोडून देतो, अर्थात वापरणाऱ्याने ती मुद्दाम चालू केलेली नसेल तरच. ॲपलच्या ‘प्रायव्हेट रिले’ या आडमार्गासाठी ‘मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ आणि ‘मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ या नावांना असेच उत्तर द्यायचे. बाकी प्रसिद्ध डीएनएस सेवांची नावे आणि ८.८.८.८, १.१.१.१, ९.९.९.९ असे त्यांचे थेट पत्ते ४४३ पोर्टवर अडवले.

व्हीपीएनचा, म्हणजे सगळी वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सोयीचा, प्रश्न मी सोडवलेला नाही. वाचनालयाच्या संगणकांवर मुलांना नवा प्रोग्राम चढवण्याचा अधिकार काढून घेतला. फोनांवर व्हीपीएन चालतोच, आणि स्वतःच्या सिमवरचे इंटरनेट तर आमच्या राउटरला शिवतही नाही. कार्यकारिणीला हे लेखी कळवले.

१२ आणि २० जुलै

राउटरमागे राउटर अशा रचनेत शाळेच्या व्हिडिओ वर्गाचा आवाज तुटत होता. त्याचे कारण ही रचनाच आहे असे मी धरून चाललो, आणि डबीला ‘ब्रिज’ करून, म्हणजे तिचे राउटरपण काढून नुसता पूल बनवून, जोडणी थेट आमच्या राउटरवर घ्यायचे ठरवले. पुरवठादाराकडून पीपीपीओईचे, म्हणजे जोडणी सुरू करताना द्यायचे, नाव आणि पासवर्ड मिळायला सहा दिवस आणि चार फोन लागले. तंत्रज्ञ आला त्याचे ३०० रुपये. आवाज तुटणे थांबले.

त्यानंतर विचित्र प्रकार सुरू झाला. तीच चाचणी कधी अडे, कधी उघडे. दहा वेळा केली, चार वेळा उघडली. यंत्र कायमचे बिघडलेले परवडते. मधूनच बिघडणाऱ्यापुढे माणूस स्वतःवर संशय घेऊ लागतो. आठवडाभर फोंड्याला बसून मी याचाच विचार करत होतो.

२० तारखेला उलगडा झाला. थेट जोडणी घेतल्याबरोबर पुरवठादाराकडून आवृत्ती सहाचा, म्हणजे आयपीव्ही६चा पत्ताही मिळू लागला होता. पूर्वी डबीमागे असताना तो मिळत नव्हता. बाहेरच्या जोडणीच्या ‘वॅन’ या नोंदीत ‘समोरच्याने दिलेले डीएनएस वापरा’ या चौकटीतली खूण मी काढली होती. ‘वॅन६’ ही वेगळी नोंद आहे आणि तिच्यात ती खूण शाबूत होती. त्यामुळे राउटरजवळ गाळणारे आणि न गाळणारे असे दोन्ही प्रकारचे उत्तरदाते होते, आणि विचारणा कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जाई. एक खूण काढली, प्रश्न संपला. ५३ पोर्ट वळवण्याचा नियमही फक्त आवृत्ती चारसाठी होता, तो दोन्हींसाठी केला. चाचणी पन्नास वेळा घेतली. एकदाही उघडली नाही.

२७ जुलै, रविवार

१.१.१.३ ही सेवा जुगार अडवत नाही. तिचे ते कामच नाही. म्हणून राउटरवरच नावांची यादी ठेवावी लागते. ‘ॲडब्लॉक’ हे पॅकेज चढवले आणि हावरेपणाने त्यातल्या सहा याद्यांवर खूण केली. लाखो नावे झाली. राउटर दहा मिनिटे चालला, मग डीएनएस देणारा प्रोग्रामच बंद पडला. नोंदवहीत स्मृती संपल्याचा शेरा होता. १२८ एमबीत प्रणाली, वायफाय आणि एवढी यादी मावत नाही. पुन्हा सुरू केला की पुन्हा तीच यादी वाचून पुन्हा पडे, म्हणून वायर काढून, आत शिरून, पॅकेज थांबवावे लागले.

अश्लीलतेचे काम बाहेरची सेवा करतेच; घरात तीच नावे पुन्हा साठवण्यात अर्थ नव्हता. फक्त जुगाराची एक यादी ठेवली आणि जाहिराती दाखवणारी साठ-सत्तर नावे हाताने लिहिली. ती नावे कोठून मिळाली? बाईंनी तीन दिवस संगणकांवर दिसलेल्या रमी, तीनपत्ती आणि क्रिकेटच्या पैजांच्या जाहिराती कागदावर टिपून ठेवल्या होत्या. फुकटात उतरवलेल्या लाखो नावांपेक्षा तो एक कागद अधिक कामाचा ठरला.

३ ऑगस्ट, रविवार

बाई संध्याकाळी मुख्य खटका बंद करून जातात, तरी रात्री पायऱ्यांवर पाच-सहा मुले फोन घेऊन बसलेली असतात, अशी शेजाऱ्यांची तक्रार आली. कारण मीच आणलेला यूपीएस. खटका बंद झाल्यावर तो राउटरला आणखी अडीच-तीन तास चालवतो.

रात्री आठ ते सकाळी आठ इंटरनेट बंद, असा नियम लिहून मी फोंड्याला परतलो. सोमवारी सव्वानऊला बाईंचा फोन आला. ‘बाब, नेट गेलें.’ मी त्यांना राउटर बंद-चालू करायला सांगितले, वायरी पाहायला सांगितले, पुरवठादाराला फोन करायला सांगितले. दीड वाजता नेट आपोआप आले. त्या वेळेनेच चूक सांगितली: राउटरची वेळ भारतीय नव्हती, जागतिक प्रमाणवेळ होती, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. माझा आठ ते आठचा नियम येथे मध्यरात्री दीड ते दुपारी दीड असा चालला होता. मुले मात्र पायऱ्यांवरून अकरा वाजता घरी गेली होती, तेव्हा नियमाने पूर्ण रात्रभर कोणालाही अडवले नाही. अडवले ते फक्त वाचनालयाला. कालक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ केले.

एक उपद्रव उरलाच. या राउटरात घड्याळाची बॅटरी नाही. वीज गेल्यावर तो उठतो तेव्हा शेवटी बदललेल्या सेटिंग फाइलची वेळ हीच आत्ताची वेळ मानतो, आणि मी सेटिंग नेहमी रात्री बदलतो. त्यामुळे इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत त्याला रात्रच वाटते आणि तो दार लावून बसतो. हे पाच मिनिटांत निवळते. यावर आणखी कारागिरी न करता भिंतीवरच्या कागदावर ‘सकाळी पाच मिनिटे थांबावे’ अशी ओळ लिहिली.

१० ऑगस्ट, रविवार

आजवर मी काय उघडते याकडे पाहत होतो. आज पहिल्यांदा काय उघडत नाही याकडे पाहिले.

गूगलचा सुरक्षित शोध सक्तीचा करण्यासाठी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट गूगल डॉट कॉम’ या नावाला २१६.२३९.३८.१२० हा पत्ता द्यायचा, आणि ‘गूगल डॉट को डॉट इन’लाही. तो ‘ॲड्रेस’ प्रकारच्या ओळीने ‘गूगल डॉट कॉम’वर लिहिला तर त्याखालची सगळी उपनावे, म्हणजे मेल, ड्राइव्ह, सगळेच त्यात ओढले जाते, हे जतन करण्याआधी लक्षात आले म्हणून बचावलो. ‘होस्ट-रेकॉर्ड’ प्रकारची ओळ नेमक्या त्याच नावाला लागते. यूट्यूबला कडक मर्यादा लावली, तर बारावीच्या जीवशास्त्रातल्या प्रजननाच्या धड्याची व्याख्याने दिसेनाशी झाली आणि प्रतिक्रियाही गेल्या. ज्या पत्त्याच्या शेवटी १२० तो कडक मर्यादेचा, ११९ तो मध्यम मर्यादेचा. मध्यमवर आणले तेव्हा व्याख्याने परत आली.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती आणि ती मला दोन महिने दिसली नाही. अडवलेले पान आणि गेलेले इंटरनेट पडद्यावर सारखेच दिसतात. पोकळ उत्तर मिळाले की ब्राउझर ‘हे संकेतस्थळ उघडत नाही’ एवढेच सांगतो. ‘वाचनालयाने अडवले आहे’ अशी पाटी दाखवायला गेलो तर एचटीटीपीएसमुळे प्रमाणपत्राचा भीतिदायक इशारा येतो. म्हणून जुलैभर बाई प्रत्येक अडलेल्या पानाला ‘नेट गेलें’ असेच समजत होत्या, आणि दर दुसऱ्या दिवशी राउटर बंद-चालू करत होत्या. म्हणजे मी कोडी सोडवत होतो आणि त्रास त्या सोसत होत्या.

उपाय कागदाचा केला. प्रत्येक संगणकावर चिकटवले: आधी विकिपीडिया उघडा, ते उघडले तर नेट आहे, तुमचे पान अडवलेले आहे, वहीत लिहा. वहीत चार रकाने आहेत: तारीख, संकेतस्थळ, कशासाठी हवे, निर्णय. निर्णय बाईंचा. राउटरच्या आतल्या पानावर त्यांच्यासाठी वेगळी खूण करून ठेवली आहे. नाव लिहायचे, ‘जतन करा’ दाबायचे, बस्स. मोकळे केलेले नाव राउटर १.१.१.३ ला न विचारता १.१.१.१ ला विचारतो. पहिल्या आठवड्यात वहीत अकरा नोंदी झाल्या. त्यांतील आठ रास्त होत्या.

२४ ऑगस्ट, रविवार

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तीन दिवसांवर आली आहे आणि वाचनालय पाच दिवस बंद राहणार आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि माझ्या यादीतल्या अनेक नावांनी आपले पैशांचे खेळ स्वतःहूनच थांबवले. यादी तरीही काढलेली नाही. परदेशातून चालणारी संकेतस्थळे आपला कायदा वाचत नाहीत.

यूपीएस आणि राउटर दोन्ही भिंतीवरून उतरवून गुंडाळले, कारण मागच्या वर्षी याच दिवसांत विजेच्या लोटाने प्रिंटर गेला होता. सेटिंगची प्रत काढून एक पेनड्राइव्हवर आणि एक माझ्याकडे ठेवली.

आतापर्यंतचा खर्च राउटर १,४००, यूपीएस १,२५०, स्विच ६५०, वायर ३८०, तंत्रज्ञ ३००, म्हणजे ३,९८० रुपये. फोंड्याहून येण्याजाण्याचे पेट्रोल धरलेले नाही. वेळ सुमारे ५५ तास. त्यांतील निदान तीस तास माझ्या चुकांचे.

१४ सप्टेंबर, रविवार

चवथीनंतर राउटर पुन्हा टांगायला मी येणार होतो, पण तापाने पडलो. आज आलो तर तो चौकटीवर चालू होता. बाईंनी आणि दहावीतल्या एका मुलीने ३ तारखेला तो जोडला. वायर चुकीच्या तोंडात गेल्याने पहिला अर्धा तास काही चालले नाही, मग त्यांनी तोंडांवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. निळी बाहेरची, पिवळ्या संगणकांच्या. हे मला जूनमध्ये सुचायला हवे होते.

वही चाळली. ३ ते १३ तारखेदरम्यान सात नोंदी आहेत, सगळ्यांवर निर्णय लिहिलेला आहे. एका संगीताच्या संकेतस्थळापुढे ‘नको, गाणी घरी ऐकावीत’ असा शेरा आहे, तो गाळणीच्या धोरणात बसत नाही, पण मी त्यात बदल केला नाही. राउटरचा पासवर्ड लाखेने बंद केलेल्या पाकिटात घालून देणगी-पुस्तकांच्या कपाटात ठेवला, आणि पाकीट कोठे आहे ते कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवले.